मागच्या सीटवरची नॉर्मा

स्केलबेकमध्ये कुणालाही विचारा, नॉर्मा हेलिवेल कोण? माणूस क्षणभर घुटमळेल आणि मग म्हणेल, "अच्छा, कीथची बायको! त्या टँडमवरची!" टँडम म्हणजे दोघांनी मिळून दामटायची लांबलचक सायकल. पुढे बसणाऱ्याकडे हँडल, ब्रेक, गिअर, घंटी आणि बोलायचा हक्क. मागे बसणाऱ्याकडे पेडल. धरायला मागेही एक हँडल असतं, पण ते पुढच्याच्या सीटखाली पक्कं आवळलेलं असतं. ते वळत नाही, पडू नये म्हणून नुसतं धरायचं. ते धरून नॉर्मा गेली तीसेक वर्षं यॉर्कशायरच्या डेल्समधल्या, म्हणजे दऱ्याखोऱ्यांमधल्या, सगळ्या टेकड्या चढत आणि उतरत आली होती.

लग्नाआधीची नॉर्मा वेगळी होती. हॅलिफॅक्सच्या एका लोकरीच्या गिरणीत ती आठवडाभर टाईपरायटर बडवायची आणि रविवारी स्वतःच्या निळ्या सायकलवर टांग टाकून डोंगरात निघायची. चढ आला की सायकल क्लबातले पुरुष मागे धापा टाकत राहायचे आणि ही वर जाऊन रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसून सँडविच खायची. धापा टाकणाऱ्यांत कीथही होता. "मी हिच्या पाठीच्या प्रेमात पडलो," लग्नाच्या जेवणात तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "चढावर दुसरं काही बघायलाच मिळायचं नाही!" सगळे हसले, नॉर्माही हसली.

मुलगी जिल शाळेत जायला लागली तेव्हा कीथने टँडमची टूम काढली. "तू वर जाऊन बसणार, मी मागून येणार, यात कसला संसार? एक सायकल घेऊ. बरोबर निघू, बरोबर पोचू." बोलायला गोड होता. नॉर्माची निळी सायकल विकली आणि त्या पैशांत भर घालून टँडम आली. पुढे कोण बसणार हे कुणी कुणाला विचारलं नाही. कीथ बसला. विचारायचं असतं हे नॉर्मालाही तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर सुचून उपयोग नव्हता.

मागे बसायचं काम सोपं नाही, हे त्यातल्यांनाच ठाऊक. समोर दिसतं काय, तर नवऱ्याची पाठ. रस्त्यात खड्डा आहे, वळण आहे, मेंढ्या आडव्या आल्यात, हे सगळं पुढच्याला दिसणार आणि त्याने सांगितलं तर मागच्याला कळणार. सुरुवातीला कीथ सांगायचा. "खड्डा!" "गिअर टाकतोय!" "डावीकडे!" मग हळूहळू "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच उरलं, कारण वळताना मागच्याला हात दाखवावा लागतो. खड्ड्यांचं सांगणं बंद झालं. वळणावर अंग सैल सोडायचं, उतारावर बिचकायचं नाही, आणि भीती वाटली तरी पाठीमागून ओरडायचं नाही, हे नॉर्मा शिकली. चांगली शिकली. क्लबातले जुने लोक म्हणत, "कीथसारखी टँडम कुणी चालवत नाही." टँडम दोघे चालवतात, पण बोलायची रीत तीच.

दरवर्षी मे महिन्यात स्केलबेकच्या क्लबाची डोंगरफेरी असते. सकाळी सहाला गावच्या हॉलवरून निघायचं, दोनशे किलोमीटर डोंगरदऱ्यांतून फिरायचं आणि ठरलेल्या वेळेत संध्याकाळी हॉलवर परतायचं. ही शर्यत नव्हे, असं हे लोक छातीवर हात ठेवून सांगतील. पहिला आला त्यालाही तोच बिल्ला, शेवटचा आला त्यालाही तोच. नंबर नाही, नाव नाही, भाषण नाही. कुणी आपण किती लवकर आलो ते बोलू लागला तर बाकीचे छताकडे बघत चहा पितात. आणि तरीही कोण कधी आलं हे प्रत्येकाला पाठ असतं. न बोलता ईर्ष्या करायची विद्या या लोकांइतकी कुणाला साधलेली नाही.

मागच्या वर्षी शेवटच्या चढावर नॉर्माचा गुडघा धरला. दोनदा उतरून चालावं लागलं. हॉलवर पोचले तेव्हा वेळ टळून गेली होती. परतणाऱ्यांच्या कार्डावर शिक्के मारायला बसलेला विल्फ म्हणजे निवृत्त पोस्टमन, क्लबाचा सेक्रेटरी, नियमाचा पक्का, आणि कीथ-नॉर्माच्या लग्नात नाचलेला माणूस. तो बिचारा लाल होऊन म्हणाला, "काय करू गं नॉर्मा, नियम म्हणजे नियम." बिल्ला मिळाला नाही. गाडीतून घरी जाताना कीथ तीनदा म्हणाला, "काही हरकत नाही." खरंच हरकत नसलेला माणूस एकदाही म्हणत नाही, हे बायकोला कळतंच.

म्हणून यंदा नॉर्माने नाताळ उलटल्याबरोबर तयारी सुरू केली. गुडघ्याला रबरी पट्टा बांधून रोज सकाळी जिन्याच्या पायरीवर व्यायाम. चर्चमागच्या उभ्या बोळातून पाऊस असो, गारा असो, वर-खाली चालणं. संध्याकाळी कीथ जुने पेपर अंथरून स्वयंपाकघरात सायकलची साखळी धूत बसायचा आणि ती शेजारी ओट्स, लोणी आणि सिरपच्या वड्या थापायची. वाटेत खायला त्यांना त्याच लागत. एकदा मनुका घालून, एकदा आलं घालून, कुठली खिशात चुरा होत नाही ते बघायचं. रविवारी दोघं टँडमवर बाहेर पडत. गुरुवारी मात्र नॉर्मा बसने स्किप्टनला जिलकडे जायची, नात सांभाळायला. "तू जा, मी आपला एकटाच जरा पाय मोकळे करून येतो," कीथ म्हणायचा. यंदा काहीही झालं तरी वेळेत पोचायचं, एवढंच नॉर्माच्या डोक्यात होतं. वयाची त्रेसष्ट वर्षं झाली होती. आणखी किती फेऱ्या जमणार होत्या?

मार्च संपत आलेला असताना एका रविवारी ती टँडमवर चढली आणि तिचे पाय पेडलला नीट पुरेनात.

"सीट वर गेलीय," ती म्हणाली.

"अं?"

"माझी सीट. दोन बोटं वर गेलीय."

"धुताना काढली होती. बसवताना चुकलं असेल," कीथ पुढे बघतच म्हणाला.

सीटचा नट ढिला झाला तर सीट खाली घसरते. वर चढणारी सीट नॉर्माने जन्मात पाहिली नव्हती. ती खाली उतरली. सीटच्या दांड्यावर तिने फार वर्षांपूर्वी स्वतःच्या मापाला काळी टेप गुंडाळली होती, सीट काढली तरी पुन्हा तिथेच बसावी म्हणून. ती काळी टेप आता वर उघडी पडली होती आणि तिच्याखाली, दोन बोटांवर, लाल टेपचा नवा कोरा वेढा होता. चूक करणारा माणूस चुकीला लाल टेप लावत नाही.

"ही लाल पट्टी कुणाची?"

कीथ हेल्मेटचा बंद लावू लागला. तो आधीच लावलेला होता.

"कीथ, मी विचारतेय काहीतरी."

"गेनरची."

गेनर क्लबात दोन वर्षांपूर्वी आलेली, शाळेत खेळ शिकवणारी बाई. पन्नाशीच्या अलीकडची, घटस्फोटित, सरळसोट उंच, आणि गुडघे ठणठणीत. कुणी म्हणेल, पुढचं समजलं. नाही समजलं. तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर बरं झालं असतं, असं नॉर्माला नंतर कितीदा वाटलं. लफड्याला जगात नाव आहे. मैत्रिणी जवळ बसून रडू देतात, वकील मिळतो, नवऱ्याच्या तोंडावर दार आपटता येतं. नवरा गुरुवारी दुसऱ्या बाईला सायकलवर मागे बसवून डोंगर चढतो, याला काय म्हणून रडायचं?

"किती दिवस चाललंय?"

"चाललंय काय चाललंय! तिला एकदा बसून बघायचं होतं. मग म्हटलं, माझेही पाय तयार होतील. तुला सांगणारच होतो."

"कधी? जूनमध्ये?"

"नॉर्मा, उगाच आवाज चढवू नकोस, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत की! मेमध्ये कोण बसणार मागे?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे तुझा गुडघा बघू. तुलाच त्रास होतो ना? मागच्या वर्षी कशी पांढरीफटक पडली होतीस. आणि हॉलवर चहाला माणूस नको का? युनिस एकटी पडते."

युनिस म्हणजे विल्फची बायको. ती तीस वर्षं त्या हॉलवर एकटीच चहा करत आली होती आणि कीथला तिचा कळवळा आजच आला होता.

"तीस वर्षं तुझ्या पाठीवरचा घाम बघत बसले मी," नॉर्मा म्हणाली. "ही सायकल माझ्या सायकलच्या पैशांवर आली. बीळ मी खोदलं आणि आता आयता नागोबा येऊन बसला होय!"

"तू फार मनाला लावून घेतेस. ही काय शर्यत आहे?"

त्या दिवशी टँडम बाहेर पडली नाही. कीथने पाना काढून सीट काळ्या पट्टीवर आणून ठेवली, मोठं मन करून, आणि तो बागेत निघून गेला. लाल पट्टी त्याने सोडवली नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्माने ठरवलं. फेरीला जायचं. एकटीने. जिलची कॉलेजातली सायकल शेडमध्ये धूळ खात पडली होती. तिची चाकं सरळ होती, गिअर चालत होते. मंगळवारी सकाळी कीथ भाजीच्या वाफ्यांवर जातो, तो वेळ तिचा. कुणाला सांगायचं नाही, विल्फलाही नाही. फेरीच्या सकाळी सरळ जाऊन टेबलासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मारा शिक्का. त्या वेळी कीथचं तोंड कसं होईल हे तिने मनात इतक्यांदा बघितलं की तेवढ्यानेच तिचा गुडघा बरा वाटू लागला.

पण पहिल्याच मंगळवारी गावाबाहेरच्या पहिल्या फाट्यावर ती थांबली. उजवीकडे की डावीकडे? हजार वेळा ती या फाट्यावरून गेली होती. फाटा ओळखीचा वाटेना. तिला एवढंच ठाऊक होतं की इथे एक आवाज येतो आणि आपण हात दाखवतो. आवाज काय येतो ते काही केल्या आठवेना. समोरून ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरने टोपीला हात लावला आणि विचारलं, "वाट चुकलात का बाई? कुठून आलात?" ती याच गावात चाळीस वर्षं राहत होती. तिने पाटी वाचली आणि परक्यासारखी डावीकडे वळली. वाटेत तिला रडू आलं, आणि आपल्याला रडू येतंय याचा तिला संताप आला.

तरी ती चिकट बाई. मंगळवारमागून मंगळवार ती रस्ते शिकली, लहान मूल पाढे शिकतं तशी. कुठे कोणता पूल, कुठे कुणाचा गोठा, कुठल्या घराला हिरवा दरवाजा. इतकी वर्षं नाकासमोरून गेलेला मुलूख ती आता पहिल्यांदा बघत होती. गुडघा कुरकुरायचा, पण कीथच्या गतीने पेडल मारायचं नसल्यामुळे त्यालाही हवं तेव्हा दम घेता येत होता. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी ती फ्लीट मॉसचा चढ न उतरता चढली. तो चढ भल्याभल्यांना घाम फोडतो. माथ्यावर वारा असा होता की उभं राहवेना. टिटव्या ओरडत होत्या, खाली दरीभर गडगे आणि मेंढ्या, आणि समोर कुणाची पाठ नव्हती. नॉर्मा तिथे सायकलला टेकून वडी खाऊन एकटीच मोठ्याने हसली. "आता म्हण बघू, गुडघा बघू!" ती वाऱ्याला म्हणाली. इतका आनंद तिला जिल झाली तेव्हा झाला होता.

मग उतार आला. इतके मंगळवार मोठ्या उतारावर ती खाली उतरून चालायची, आज आनंदाच्या भरात बसूनच राहिली. आधी रस्ता सरळ होता. सायकल पळू लागली, वारा कानांत घुमू लागला. खाली वळण दिसलं. नॉर्माने तीस वर्षं जे केलं तेच केलं. अंग सैल सोडलं, बिचकली नाही, हँडल घट्ट धरलं आणि वेग कमी व्हायची वाट बघत राहिली. वेग कमी होईना. हे कुणीतरी थांबवायला हवं, एवढं तिच्या मनात आलं. ब्रेक तिच्या बोटांना लागूनच होते. बोटांना ते माहीत नव्हतं. गडगा समोर आला तेव्हाही ती वाटच बघत होती.

मेंढ्यांना चारा घालायला आलेल्या एका बाईला ती सापडली. खांद्याचं हाड मोडलं होतं, डावा हात कोपरापर्यंत सोलवटला होता. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "कशा पडलात हो?"

"ब्रेक लावायचा राहिला."

"राहिला? उतारावर?"

"तो लावतो," नॉर्मा म्हणाली. नर्सला वाटलं डोक्यालाही मार लागलाय. तिने डॉक्टरला बोलावलं.

कीथ धावतपळत आला. काळजी होती त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला. त्याने तिचा चांगला हात हातात धरला, कपाळावरचे केस मागे सारले. पण काळजीच्या आडून सुटकाही डोकावत होती.

"एकटी कशाला गेलीस गं? काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं नाही का?"

"तसं नव्हे. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ आठवडे हात हलवायचा नाही. म्हणजे आता... तोही प्रश्न मिटलाच."

सुंठीवाचून खोकला गेला होता. बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो लगेच चहा आणायला उठला.

दोन दिवसांत गावभर झालं. नॉर्मा तयारी करताना पडली, आणि गेनरने किती मोठ्या मनाने ऐन वेळी मागची सीट सांभाळायचं कबूल केलं! कीथने खोटं काही सांगितलं नाही. त्याने फक्त पुढचं आधी सांगितलं आणि आधीचं सांगितलंच नाही. नॉर्माच्या पडण्याने त्याचं सगळं सोवळ्यात आलं. लोक फुलं घेऊन आले आणि म्हणाले, "बरं झालं गं, कीथची फेरी तरी चुकली नाही."

गेनरही आली. मनुकांचा पाव घेऊन, लोणी लावून, कापून, कारण एका हाताने लावता येणार नाही एवढा विचार तिने केला होता. बसली आणि म्हणाली, "नॉर्मा, मला वाटत होतं तुला माहितीय. तो म्हणाला, नॉर्माला कंटाळा आलाय, पण त्याला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही."

"असं म्हणाला?"

"जानेवारीतच. नाहीतर मी कशाला बसले असते? तू म्हण, मी नाही जात. आत्ता जाऊन सांगते त्याला."

बाई वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. तिला शिव्या घालता आल्या असत्या तर नॉर्माला रात्री झोप लागली असती. एक शब्द बोलली असती तर गेनर थांबली असती, कीथ घरी बसला असता. आणि मग अख्खा गाव म्हणाला असता की नॉर्माने स्वतःचं हाड मोडलं ते मोडलं, नवऱ्याचा आनंदही मोडला.

"जा तू," नॉर्मा म्हणाली. "आणि उतारावर तो सांगत नाही काही. आधीच विचारून घे."

"माहितीय. मी पहिल्याच दिवशी दम दिला त्याला. आता खड्डा न् खड्डा सांगतो."

नॉर्माने पावाचा तुकडा बशीत ठेवून दिला.

फेरीच्या दिवशी ती हॉलवर गेली. घरी बसली असती तर रुसली म्हणाले असते. गळ्यात हात बांधून, पुढे ॲप्रन लावून ती चहाच्या मोठ्या भांड्यापाशी उभी राहिली आणि उजव्या हाताने कप भरत राहिली. सकाळी टँडम निघाली तेव्हा ती आत साखर शोधत होती, मुद्दामच. दिवसभर युनिस बीन्स गरम करत होती, पाव भाजत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "बस गं जरा. कीथच्या काळजीने अर्धी झालीस."

संध्याकाळी माणसं परतू लागली. चिखलाने माखलेली, तोंडावर मीठ आलेलं, हसणारी. कीथ आणि गेनर ठरलेल्या वेळेच्या चांगले तासभर आधी आले. कीथचा चेहरा असा उजळला होता की वीस वर्षांत नॉर्माने तसा पाहिला नव्हता. विल्फने शिक्का मारला, दोन बिल्ले दिले. कीथ टेबलापाशीच थांबला आणि त्याने चमच्याने कप वाजवला. या हॉलमध्ये कुणी कधी भाषण केलं नव्हतं.

"एकच मिनिट," तो म्हणाला. "ही फेरी खरी नॉर्माची. एवढी तयारी केली बिचारीने. आज मी वाटभर तिचाच विचार करत होतो. हा माझा बिल्ला तिचा."

आणि त्याने येऊन तो तिच्या ॲप्रनवर लावला. टाळ्या झाल्या. युनिसने डोळे पुसले. गेनर मात्र ताटातल्या बीन्सकडे बघत बसली. नॉर्माच्या घशाशी सगळं आलं होतं, जानेवारी, गुरुवार, लाल पट्टी, सगळं. पण पन्नास माणसं टाळ्या वाजवत असताना कुणाला काय सांगणार? ती म्हणाली, "चहा थंड होतोय," आणि लोकांना ते फार आवडलं.

गर्दी ओसरल्यावर ती कोपऱ्यातल्या बाकावर टेकली. विल्फ शिक्क्याची पेटी बंद करून शेजारी येऊन बसला. केक खात होता. चाळीस वर्षांचा मित्र. याला तरी सांगावं, असं तिच्या मनात आलं. आत्ताच सांगावं.

"फार वाईट वाटलं गं मला," तोच आधी म्हणाला. "मी युनिसलाही म्हटलं, बाकी कुणाचं नाही, पण नॉर्माचं वाईट वाटतं. किती मेहनत केलीत दोघांनी! मी गुरुवारी कुत्र्याला घेऊन वर जायचो ना, फ्लीट मॉसकडे, तर तुम्ही दोघं हमखास दिसणार. थंडी असो, वारा असो. मी हात करायचो आणि तू नेहमीसारखा हात हलवायचीस."

टँडमवर पुढच्याचे दोन्ही हात हँडलवर अडकलेले असतात. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर हात हलवायचं काम मागच्याचं.

"गुरुवारी मी स्किप्टनला असते, विल्फ," नॉर्मा म्हणाली. "जिलकडे. बारा महिने."

"असं?" विल्फ थांबला. त्याने खरोखर आठवून बघितलं. "पण मागे होतं ना कुणीतरी. मी बघितलं की."

"ती मी नव्हते."

"बरं बरं, नसशील." त्याने मांडीवरचे केकचे कण झटकले आणि तिच्या चांगल्या हातावर मायेने थोपटलं. "अगं, टँडम दिसली की मी कीथला हात करतो. मागे कोण बसलंय, ते कुठे बघतो मी?"